दिवाचा स्टेशनावर उतरून जमिनीखालच्या नदीला: श्कोत्स्यानच्या गुहा

तिकिटावर "दिवाचा" हे स्टेशनाचं नाव वाचून आई म्हणाली, "दिवा? मग एवढं लांब कशाला आलो? कोपरच्या पुढंच होतं की." डोंबिवलीत पन्नास वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

हे दिवाचा स्लोव्हेनियात आहे. राजधानी ल्युब्लियानाहून रेल्वेने दीड-पावणेदोन तास, इटलीच्या सीमेच्या अलीकडे. भाऊ म्युनिकला असतो. मे महिन्यात मी आणि आई त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा चार दिवस काढून तिघं स्लोव्हेनियाला जाऊन आलो. देश शेंगेनमध्ये असल्यामुळे जर्मनीचा शेंगेन व्हिसा चालतो आणि चलन युरोच आहे, म्हणजे वेगळी खटपट काही नाही.

स्लोव्हेनियात गुहा म्हटलं की सगळे पोस्टोयनाचं नाव घेतात. तिथे गुहेत चक्क छोटी रेल्वे धावते. त्यात बसायचं, मग थोडं चालायचं आणि परत बसून बाहेर यायचं. भावाचं मत पोस्टोयनाला होतं, कारण आई ६८ वर्षांची आणि तिचा उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पण गुहेतून वाहणारी अख्खी नदी बघायची असेल तर श्कोत्स्यानच, असं मी बरंच वाचून ठरवलं होतं. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८६ साली गेलं ते श्कोत्स्यान, पोस्टोयना नव्हे. आईने दोन्हींचे फोटो पाहिले आणि म्हणाली, "रेल्वेत मी रोज बसतेय."

गुडघ्याचा हिशोब आधीच सांगते, कारण हे वाचणारे बरेचजण आईवडिलांना घेऊन जाणारे असतील. मुख्य सहल सुमारे तीन किलोमीटर चालायची, दोन तास धरून चाला. पायऱ्या पाचशेच्या आसपास, त्यातही उतार जास्त. अधेमधे बसायला जागा नाही आणि गटाबरोबर चालत राहावं लागतं. शेवटी दरीतून वर यायला तिरकी चालणारी लिफ्ट आहे, तेवढा चढ वाचतो. जी व्यक्ती पर्वती दमत दमत का होईना पण न थांबता चढते-उतरते, तिला हे जमेल. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर पोस्टोयनालाच न्या, वाईट वाटून घेऊ नका. बाबागाडी इथे आत चालत नाही.

दिवाचाहून गुहांच्या प्रवेशकेंद्रापर्यंत, म्हणजे मातावुन या वाडीपर्यंत, बस असते. आम्ही उतरलो आणि चहा शोधत बसलो. चहा मिळाला नाही आणि बसही गेली. चूक सर्वस्वी आमची. मग तीन किलोमीटरची पायवाट धरली. खुणा नीट आहेत, चुकायला होत नाही. वाट पाइनच्या झाडांतून आणि गवतातून जाते, चालायला सुरेख. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, या देशात गवतातल्या गोचिडांचा त्रास खरा आहे, त्यांच्या चाव्यातून मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून लांब पँट घाला, मोजे वर ओढा आणि रात्री पाय तपासा. दुसरं, या चालण्याला चाळीस-पन्नास मिनिटं धरा आणि तिकिटावरची वेळ त्या हिशोबाने घ्या. आम्ही अकराच्या फेरीचं तिकीट काढलं होतं आणि पोचलो अकराला सात कमी असताना, आई घामाघूम. गर्दीच्या महिन्यांत फेऱ्या भरतात, तेव्हा तिकीट आधी ऑनलाइन काढणंच शहाणपणाचं. हिवाळ्यात फेऱ्या अगदी मोजक्या असतात, वेळापत्रक बघूनच निघा.

केंद्रापासून सगळा गट दहाएक मिनिटं चालत गुहेच्या दारापर्यंत जातो आणि तिथे भाषेप्रमाणे वाटणी होते: स्लोव्हेन, इंग्रजी, इटालियन, जर्मन. इंग्रजीचा गट सगळ्यात मोठा होता, चाळीसच्या वर माणसं. आमची वाटाडी तिशीतली मुलगी, कोरडा विनोद करणारी. तिने तीन नियम सांगितले: कशाला हात लावायचा नाही, गट सोडायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. तिसरा नियम ऐकून गटातून एक उसासा निघाला. पण ती त्यावर ठाम होती. पुढे एकाने फोन वर केला तर तिने बोलणं तिथेच थांबवलं आणि फोन खिशात जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली.

आत शिरतो तो १९३३ साली खोदलेला, शंभर मीटरहून थोडा लांब बोगदा. त्यातून पुढे गेलं की तिहा यामा. यामा म्हणजे गुहा आणि तिहा म्हणजे शांत. कोणे एके काळी नदी इथून वाहायची, मग ती खाली गेली आणि हा मजला कोरडा पडला. १९०४ साली गावातल्याच लोकांनी तो शोधून काढला. तापमान बारा अंश, बाराही महिने. बाहेर आम्ही घामाने भिजलो होतो, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत हुडहुडी भरली. उन्हाळ्यातही जाकीट न्या आणि ते बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

आमच्या महाराष्ट्रात गुहा म्हटली की माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली लेणी डोळ्यांसमोर येतात, कारण आपला दगड बेसाल्ट. तो पाण्यात विरघळत नाही. निघोजला कुकडीने रांजणखळगे केले आहेत, पण ते वाळू-गोटे गरगर फिरवून, घासून घासून. इथला दगड चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडी चक्क विरघळवत खाली जातं. पुढे पोकळीत थेंबथेंब ठिबकताना तोच चुना परत सोडतं, त्याचे हे खांब आणि झुंबरं. जगभरचे भूगोलवाले अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात, तो शब्द याच भागाच्या नावावरून आला. स्थानिक नाव क्रास.

तिहा यामातल्या मोठ्या दालनात पंधरा मीटर उंचीचा एक खांब जमिनीतून वर आलेला आहे, त्याला "महाकाय" म्हणतात. शेजारी ऑर्गनच्या नळ्यांसारखी दगडी झालर. हे सगळं देखणं आहेच, पण खरं सांगायचं तर असं इतर गुहांतही दिसतं. मी तिथे दोनदा घड्याळ पाहिलं.

मग आवाज सुरू झाला. आधी कळेना कसला. स्टेशनाखालच्या पादचारी बोगद्यात उभं असताना डोक्यावरून फास्ट लोकल जावी, तशी घरघर. फक्त गाडी संपतच नाही. वाटाडी काही न बोलता पुढे गेली. वाट वळली, मागचे दिवे विझले, पुढचे लागले आणि समोरची भिंतच नाहीशी झाली.

तिथे एक दरी आहे. जमिनीखाली, काळोखात, आपल्या घाटातल्यासारखी उभ्या कड्यांची दरी, वर दगडाचं छत. पलीकडच्या कड्यावर बारीक दिव्यांची एक नागमोडी ओळ खालपर्यंत गेलेली, आणि त्या ओळीवर हलणारे ठिपके, म्हणजे आमच्या आधीच्या गटातली माणसं. त्या ठिपक्यांवरून जागेचा आकार लक्षात येतो, तोवर डोळे फसतात. तळाशी पांढरी रेघ दिसते, ती नदी. हा भाग म्हणजे शुमेचा यामा, आवाज करणारी गुहा. हे नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नदीचं नाव रेका. स्लोव्हेन भाषेत रेका म्हणजेच नदी. आईला हे फार आवडलं. "म्हणजे बारशालाच कोणी आलं नाही," ती म्हणाली.

त्या दरीवरून पूल आहे, त्सेर्क्वेनिक पूल, पाण्यापासून सुमारे ४५ मीटर उंच. म्हणजे पंधरा मजली इमारतीच्या गच्चीत उभं राहून खाली बघायचं. कठडा भक्कम आहे, पण उंचीची भीती असलेल्यांनी मधून चालावं आणि समोरच्याच्या पाठीकडे बघावं. भावाने तेच केलं. मी मात्र मुद्दाम गटाच्या शेवटी राहिले होते आणि हा सल्ला तुम्हालाही देते: तिहा यामात वाटाडीजवळ राहा म्हणजे माहिती ऐकू येते, पूल जवळ आला की मागे सरका. पुढच्यांना थांबता येत नाही. शेवटच्या माणसाला पुलावर अर्धा-पाऊण मिनिट जास्त मिळतं.

पुलावर आईने पर्स उघडली. मला कळलं. खाडीच्या पुलावरून गाडी जाताना ती आजही नाणं टाकते, दोन रुपयांचं. मी हात धरला. "अगं, इथे नाही चालत." "नदीला काय चालत नाही?" पण तिने पर्स मिटली.

पुलानंतर वाट कड्यात कोरलेली आहे आणि तिथून जुन्या शोधकांच्या वाटा दिसतात: भिंतीत खोदलेल्या, एका पावलाएवढ्या रुंद पायऱ्या, कुठे गंजलेला लोखंडी खिळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हांके, मारिनिच आणि म्युलर हे तिघे इथल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन नदीच्या कडेकडेने आत आत सरकत गेले, पूर आला तर वर पळता यावं म्हणून या पायऱ्या खोदत. हरिहर गडाच्या पायऱ्या चढताना ज्यांचे पाय लटपटले असतील त्यांनी तशाच पायऱ्या काळोखात, ओल्या आणि हातात मशाल असताना कल्पून पाहाव्यात. पुराची भीती पोकळ नव्हती. नदी याच्याही पुढे ज्या अरुंद वाटेने जाते तिथे पाणी तुंबतं, आणि १९६५ च्या पुरात ते शंभर मीटरहून जास्त चढलं होतं. पुढे खोलात मार्टेलचं दालन आहे, १४६ मीटर उंच. ते पर्यटकांना दाखवत नाहीत.

शेवटी उजेड येतो तो हळूहळू, आधी राखाडी, मग हिरवट. गुहेचं प्रचंड तोंड वेलिका दोलिनामध्ये उघडतं. छत कोसळून झालेला हा खड्डा १६५ मीटर खोल आहे. तळाशी थंड हवा साठते, त्यामुळे आल्प्समधली झाडं आणि भूमध्य समुद्राकडची झाडं इथे शेजारी शेजारी उगवतात. ओल्या भिंतीला काळ्या बारीक देठांचं, नाजूक पानांचं काहीतरी चिकटलेलं दिसलं. आईने ओळखलं, "हा तर हंसराज!" आमच्या कोकणातल्या घराच्या विहिरीत असतो तोच. उजेडात आल्यावर फोटोला परवानगी असते, तेव्हा फोन चार्ज करून न्या. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलेले सगळे फोटो या शेवटच्या वीस मिनिटांतले आहेत आणि "नदी कुठंय?" असं तिघांनी विचारलं.

लिफ्टला रांग होती. ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांनी पायवाटेने वर यावं, दरी वेगवेगळ्या बाजूंनी दिसते. केंद्रापासून थोड्या अंतरावर दरीचा माथा दिसणारी जागा आहे, तिला तिकीट लागत नाही. तिथून नदी एका कड्याखालून येऊन दुसऱ्या कड्याखाली शिरताना दिसते. मी परत गेले तर ही जागा आधी बघेन आणि मग गुहेत शिरेन, म्हणजे आत आपण कुठे आहोत ते कळतं. उन्हाळी महिन्यांत दुसरी एक सहलही असते, नदी आत शिरते त्या तोंडाकडची, वाटाड्याविना. ती आमच्याच्याने झाली नाही. दोन्ही करायच्या तर पूर्ण दिवस ठेवा.

पायात पकड असलेले बूट हवेत. वाट सिमेंटची आहे पण कायम ओली. माझे चपटे कापडी बूट दोनदा सटकले. कठडा गार आणि ओला असतो, पातळ हातमोजे नेले असते तर बरं झालं असतं. मोठं सामान ल्युब्लियानालाच ठेवा. खायला केंद्रापाशी उपाहारगृह आहे, पण या भागाची ख्याती वाळवलेल्या डुकराच्या मांसाची. शाकाहाऱ्यांनी सूप मागवण्याआधी त्यात काय आहे हे विचारावं, भाज्यांच्या सूपातही मांसाचे तुकडे निघू शकतात. आम्ही दरीच्या काठावर बसून मेथीचे ठेपले खाल्ले.

परत जाताना बस पकडली. पंधरा मिनिटं आधीच जाऊन उभे राहिलो.

पुढच्या दिवशी आम्ही सीमेपलीकडे त्रिएस्तेला गेलो आणि मी हट्टाने एक अर्धा दिवस काढायला लावला. श्कोत्स्यानला जमिनीत गेलेली रेका सुमारे ३५-४० किलोमीटर अंधारातून जाते आणि इटलीत दुइनोजवळ एका जुन्या चर्चच्या बाजूला वर येते. तिथे तिचं नाव तिमावो. त्रिएस्तेहून मोनफाल्कोनेच्या दिशेने जाणारी बस घ्यायची. तिकीट नाही, रांग नाही, आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा होता. आदल्या दिवशी गर्जत होती ती नदी झाडांच्या सावलीत खडकाखालून गुपचूप, हिरवीगार बाहेर येत होती. तिथून समुद्र जेमतेम दोन किलोमीटर.

आई काठाशी सावकाश खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवून. पर्सला हात लावला नाही. बोटं पाण्यात बुडवली आणि म्हणाली, "अजून तश्शीच गार आहे गं."