उन्हाळ्याचे आठ आठवडे आणि एकोणीसचा पाना

‘ताई, सुट्टीत फील्डवर पाठवाल का?’

परीक्षा जवळ आल्या की हा प्रश्न यायला लागतो. विचारणारे बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे, सिव्हिल नाहीतर मेकॅनिकलचे. आमची संस्था आपत्तीनंतर आणि निर्वासितांच्या छावण्यांत पाणी, शौचालयं, निवारा यांची कामं करते. दर उन्हाळ्यात मोजक्या विद्यार्थ्यांना आम्ही आठ आठवडे घेतो आणि त्यांना काम नेमून देणं माझ्याकडे असतं. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगते. नाही, पाठवत नाही.

यात तुमच्या हुशारीवर शंका नाही. हिशेब साधा आहे. आपत्तीच्या जागी गेलेल्या प्रत्येक माणसाला झोपायला जागा लागते, गाडीत सीट लागते, भाषा येत नसेल तर दुभाषा लागतो, आणि काही बरंवाईट झालं तर बाहेर काढायची तजवीज लागते. मदतकार्याचे किमान निकष स्फिअर हस्तपुस्तिकेत दिलेले असतात. त्यात पाण्याचं मान माणशी रोज किमान १५ लिटर आहे, आणि नळकोंडाळ्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त रांग असू नये असं म्हटलंय. कित्येक छावण्यांत सुरुवातीचे आठवडे तेवढंही जमत नाही. अशा ठिकाणी शिकायला म्हणून गेलेला माणूस त्याच टाकीतलं पाणी पितो.

आणि हे कुणाला आज सुचलेलं नाही. १९७९ साली व्हिएतनाममधून होड्यांतून पळालेले लोक मलेशियाच्या छावण्यांत होते. तिथे काम करताना पीटर गथ्री या इंजिनिअरला दिसलं की अशा वेळी चटकन येऊ शकतील असे योग्य इंजिनिअर शोधायची सोयच नाही. त्यातून ‘रेडआर’ उभी राहिली. मुळात ती एक नोंदवही होती, नोकरीतून थोड्या दिवसांसाठी मोकळे होऊ शकतील अशा अनुभवी इंजिनिअरांची. ‘अनुभवी’ हा शब्द त्यात उगाच नव्हता.

मग विद्यार्थ्यांनी करायचं काय? माझं स्वतःचं सांगते, कारण मीही हाच प्रश्न विचारत आले होते.

मला वाटलं होतं गमबूट, पूर, टाक्या उभारणं. मिळाली तीन खोकी. आत हातपंपांच्या दुरुस्तीचे फॉर्म, वेगवेगळ्या मेकॅनिकांच्या अक्षरात, काही तेलकट, काही भिजून वाळलेले. ते एक्सेलमध्ये चढवायचे. पहिले चार दिवस मी अक्षरशः रडकुंडीला आले. पाचव्या दिवशी फॉर्म बोलायला लागले. ‘दुरुस्त’ या रकान्यात तारीख होती, पण त्या दिवशी पाणी आलं की नुसतं काम झालं, हे कुठेच नव्हतं. तोच पंप दीड महिन्यानं पुन्हा बंद. कारण बहुतेक वेळा तेच. चामड्याचे वायसर झिजले, सुटा भाग बरोबर नव्हता, मेकॅनिक परत गेला. त्या काळात आफ्रिकेतल्या हातपंपांची आकडेवारी एकत्र केली गेली तेव्हा साधारण एक तृतीयांश पंप बंद निघाले होते. तो आकडा मी वर्गात ऐकला होता. पण त्यातला एकेक पंप कसा बंद पडतो, ते त्या खोक्यांत दिसलं.

सहाव्या आठवड्यात मी झकास रंगीत आलेख केले. साहेबांनी ‘छान’ म्हटलं आणि ते कुणीही पुन्हा उघडले नाहीत. मग एका मेकॅनिकचा फोन आला, वेगळ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाला, ‘मॅडम, एवढं सगळं चढवलंत, तर मोटरसायकलवर काय काय घेऊन निघायचं तेवढं सांगा ना.’ सगळ्या उन्हाळ्यातला हा एकच खरा प्रश्न होता. उरलेल्या दिवसांत मी एक पान केलं, कोणत्या पंपाला कोणते सुटे भाग आणि नट फिरवायला कोणते पाने. ते छापलं गेलं, वाटलंही गेलं.

त्यात चूक होती. एम-१२ च्या, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टवर बसणाऱ्या नटाला मी १८ चा पाना लिहिला होता. तक्त्यात तसंच आहे, आयएसओच्या आंतरराष्ट्रीय मानकात एम-१२ चा षट्कोनी नट समोरासमोरच्या बाजूंत १८ मिलिमीटरचाच असतो. पण जुन्या जर्मन डीआयएन मानकाप्रमाणे तो १९ चा, आणि आमच्या गोदामातले झाडून सगळे नट १९ चे. गोदाम माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर होतं. एक नट उचलून मोजला असता तर? पण मोजायचं सुचलंच नाही, कारण तक्ता होता. पानं घेऊन निघालेल्यांपैकी दोघांना अर्ध्या वाटेतून परतावं लागलं. पुढच्या वर्षी ते पान मला पुन्हा दिसलं तेव्हा त्यावर पेनानं १८ चे १९ केलेले होते. मला कुणी रागावलं नाही, ते जास्त लागलं.

म्हणून आता येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात लॅपटॉप देत नाही. गोदामात पाठवते. तुमचं काम पुढे कोण वापरणार, ते शोधून त्याच्याशी बोलून या, असंही सांगते. काहींना हा अपमान वाटतो.

दरवर्षी एक जण तरी नवा पंप घेऊन येतो. चित्रं सुंदर असतात. त्याला मी प्लेपंपची गोष्ट सांगते. मुलांनी चक्रात बसून खेळायचं आणि खेळता खेळता पाणी वर यायचं, अशी ती कल्पना. दक्षिण आफ्रिकेत, मोझांबिकमध्ये, मलावीत असे पंप बसले, देणग्यांचा पाऊस पडला. एका पंपावर २५०० माणसांची तहान भागेल असा दावा होता. कुणीतरी माणशी १५ लिटर धरून गणित केलं, तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागलं असतं! प्रत्यक्षात बायाबापड्याच ते चाक ढकलत राहिल्या. हे गणित पाचवीतल्या मुलाला येतं. आधी करायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

घरबसल्या खरोखर उपयोगी पडेल असं एक काम मात्र आहे, नकाशांचं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे धड नकाशेच हाताशी नव्हते. जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर रस्ते, इमारती आखायला घेतल्या, आणि काही दिवसांत ते नकाशे मदत पथकांच्या जीपीएसमध्ये पोचले. २०१४ पासून ‘मिसिंग मॅप्स’ हेच काम आपत्ती यायच्या आधी करतं. कंटाळवाणं आहे. एकेक छप्पर चौकोनात बसवायचं. पण तुमचा चौकोन चुकला तर तपासणारा दुरुस्त करतो, आणि बरोबर असला तर कुणीतरी त्या दारापर्यंत पोचतं. सत्र चालू असताना आठवड्याला दोन तास देणाऱ्यांना मी हेच सुचवते.

पैशांचंही विचारता, जरा चाचरत. चाचरू नका. पूर्ण वेळ काम घेणाऱ्यानं मानधन द्यावं, निदान राहण्या-जेवणाचा खर्च तरी. नाहीतर घरून पैसे येणारीच मुलं येतात आणि बाकीची सुट्टीत दुसरीकडे राबतात. आणि ‘सेवेचा अनुभव’ म्हणून तुमच्याकडूनच जाडजूड रक्कम मागणारं कुणी भेटलं, तर ती सहल आहे असं समजा. सहलीला माझा विरोध नाही, फक्त ती बायोडेटात वेगळ्या मथळ्याखाली घाला.

शिफारसपत्र मिळतं. हो, प्रामाणिक मिळतं. ‘काम अर्धवट राहिलं, पण कुठवर आलं ते स्वच्छ लिहून ठेवलं’ असं मी एकीच्या पत्रात लिहिलं होतं. ती खट्टू झाली. तिच्या त्या टिपणावरून पुढच्या मुलानं तीन दिवसांत काम उचललं, हेही पत्रात होतं, पण ते तिनं नंतर वाचलं.

अर्जात ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ हे लिहू नका, ते सगळेच लिहितात आणि ते मी धरूनच चालते. त्याऐवजी तुम्ही स्वतः उघडून पाहिलेल्या एका वस्तूबद्दल दहा ओळी लिहा. पंखा, सायकल, टाकीचा फ्लोट, काहीही. परत नीट जुळली नसेल तरी चालेल. कुठे अडलं, ते लिहा.