‘डॉटग्रेडल’ नावाचं फोल्डर

कोडची एक ओळ बदलायची, रन दाबायचं आणि ९ मिनिटं खालची निळी पट्टी सरकताना बघत बसायचं. दिवसाला १५ बिल्ड (म्हणजे कोडपासून चालणारं ॲप तयार करणं) धरले तरी सव्वादोन तास झाले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जातात ते वेगळे. पण ट्रॅफिकमध्ये निदान पगाराचं काम अडत नाही.

मी अँड्रॉइड ॲपवर काम करतो. लॅपटॉप कंपनीचा, विंडोजचा, रॅम १६ जीबी, म्हणजे अगदीच मेलेला नाही. आधी मी स्वतःलाच दोष दिला. क्रोमचे टॅब बंद केले, एम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) बंद करून खरा फोन जोडला, ग्रेडलला, म्हणजे बिल्ड करणाऱ्या प्रोग्रामला, जास्त मेमरी दिली. ९ चे साडेआठ झाले. मग शेजारच्या मित्राने त्याच्या लिनक्स मशीनवर तोच प्रोजेक्ट, कोडची तीच ब्रँच चालवून दाखवली. दोन मिनिटं! त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

त्याच्या मशीनवर आमचा अँटिव्हायरस नव्हता, विंडोज-लिनक्स सोडलं तर एवढाच फरक. बिल्ड चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर सीपीयू खाणाऱ्यांत माझ्या बिल्डच्याही वर अँटिव्हायरस. कारण उघड आहे. बिल्ड म्हणजे हजारो बारक्या फायली लिहायच्या, लगेच उघडायच्या, पुन्हा लिहायच्या, आणि हा पहारेकरी प्रत्येक फाइल उघडताना तिची झडती घेतो. अँड्रॉइड स्टुडिओच्या (ज्यात आम्ही ॲप लिहितो) अधिकृत माहितीत यावर उपायही दिलाय: ग्रेडलची कॅश (त्याने साठवून ठेवलेल्या फायली), प्रोजेक्ट, एसडीके (अँड्रॉइडची अवजारं) आणि स्टुडिओची स्वतःची सिस्टिम फोल्डरं तपासणीतून वगळा. घरच्या मशीनवर पाच मिनिटांचं काम. ऑफिसच्या मशीनवर त्यासाठी तिकीट टाकावं लागतं, म्हणजे सपोर्टकडे ऑनलाइन विनंती.

तिकिटाचं पोर्टल हे माझ्या बिल्डचंच थोरलं भावंड निघालं. पहिल्याच पानावर ‘प्रकार निवडा’. यादीत प्रिंटर होता, हेडफोन होता, ‘खुर्ची’ सुद्धा होती, अँटिव्हायरस नव्हता. ‘इतर’ निवडलं तर पुढे मॅनेजरची मंजुरी लागते, आणि माझा मॅनेजर म्हणून पोर्टलवर जे नाव होतं ते गृहस्थ दिवाळीआधीच कंपनी सोडून गेलेले. नाव बदलायला वेगळं तिकीट. ते चार दिवसांनी झालं. तोवर पहिलं तिकीट ‘मंजुरी आली नाही’ म्हणून आपोआप बंद.

पुन्हा भरलं. या वेळी कारण लिहायला जरा वेळ घेतला तर सेशन संपलं आणि लिहिलेलं सगळं गेलं. (म्हणून सांगतो, अशा फॉर्ममध्ये थेट लिहू नका. नोटपॅडमध्ये लिहा आणि चिकटवा. हे मी तिसऱ्यांदा शिकलो.) तिसऱ्या वेळी सबमिट दाबलं तर लाल अक्षरांत ‘अवैध चिन्ह’. दहा मिनिटं शोधल्यावर कळलं, ‘फोल्डरचा पत्ता’ या रकान्यात बॅकस्लॅश चालत नाही. विंडोजमधल्या फोल्डरचा पत्ता, बॅकस्लॅशशिवाय! टिंबही चालत नव्हतं, आणि ग्रेडलच्या फोल्डरचं नाव (.gradle) टिंबानेच सुरू होतं. ज्याने हा रकाना बनवला त्याने तो एकदाही भरून बघितला नसणार.

मग मी शहाणपणा केला. पत्ता शब्दांत लिहिला, इंग्रजीत: सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग माझा लॉगिन, मग डॉट ग्रेडल. फॉर्म गेला. सहा दिवसांनी मेल आला, ‘रिझॉल्व्ह्ड’. मी हर्षाने बिल्ड लावला. तीच साडेआठ मिनिटं.

तिकीट पुन्हा उघडलं. सपोर्टमधून फोन आला, “सर, आमच्याकडून झालंय, क्लोज करू का?” नको म्हटलं. त्यांनी रीस्टार्ट करायला सांगितलं. केलं. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, तोच प्रश्न, तोच रीस्टार्ट. शनिवार-रविवारी मी उत्तर दिलं नाही म्हणून सोमवारी तिकीट पुन्हा आपोआप बंद. स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) मी इतका चिडून बोललो की टीम लीडने कॅमेरा बंद केला, हसत असावा.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरळ सिक्युरिटी टीमच्या मजल्यावर गेलो. तिथल्या मॅडमनी शांतपणे माझं मशीन शोधलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, “तुमच्या नावावर एक फोल्डर वगळलेलं दिसतंय. ‘डॉटग्रेडल’ हे तुमचंच ना?”

कुणीतरी माझे शब्द जोडून, जसेच्या तसे, अँटिव्हायरसच्या पॉलिसीत टाकले होते. अस्तित्वातच नसलेलं फोल्डर गेले आठ दिवस तपासणीतून अगदी चोख वगळलं जात होतं.

मॅडमशी थोडा वादही झाला. ग्रेडलची कॅश सरसकट वगळायला त्या तयार नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. बाहेरून उतरवलेल्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) तिथेच येऊन पडतात. कुणी त्यात काही घुसवलं तर पहिला फटका तिथेच. ठरलं असं की लायब्ररी फक्त कंपनीच्या आतल्या रिपॉझिटरीतून (साठ्यातून) घ्यायच्या, आणि वगळलेल्या फोल्डरांची ठरावीक वेळी वेगळी तपासणी व्हायची. तुम्ही विचारायला जाल तेव्हा ‘सी ड्राइव्ह वगळा’ म्हणू नका, हाकलतील. नेमकी फोल्डरं सांगा आणि आधी-नंतरचे आकडे न्या. माझ्याकडे मित्राच्या मशीनचे होते, ते कामी आले.

त्या संध्याकाळी बिल्ड ३ मिनिटं १० सेकंदांत झाला. मी उठून उभा राहिलो.

त्यातलं एक मिनिट कुठे जातंय हे स्टुडिओच्या बिल्ड ॲनालायझरमध्ये दिसलं, आणि ते पाप माझंच होतं. दोन वर्षांपूर्वी मी बिल्डची वेळ ॲपच्या आवृत्तीत घालायचा कोड लिहिला होता. वेळ दर सेकंदाला बदलते, त्यामुळे काही बदललं नसलं तरी तो भाग दर वेळी नव्याने कंपाइल व्हायचा. आता ती वेळ फक्त रिलीज बिल्डमध्ये (लोकांना द्यायच्या ॲपमध्ये) जाते. हे तिकिटाच्या आधी बघायला हवं होतं, पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आणि हो, ती वेगळी तपासणी रात्री १ ला ठेवली होती. त्या वेळी लॅपटॉप बंद असतो, म्हणून ती सकाळी उघडल्या उघडल्या सुरू व्हायची. ती दुपारी जेवणाच्या वेळेला हलवून घ्या. माझी हलवलीय; त्यासाठी चौथं तिकीट लागलं.

परवानगी ९० दिवसांची आहे. नंतर तोच फॉर्म पुन्हा भरायचा. मी ८० व्या दिवसाचा रिमाइंडर लावलाय, आणि फॉर्ममध्ये काहीही लिहिलं तरी मॅडमना पत्ता चॅटवर पाठवणार आहे, टिंबासकट.