फ्रीटाऊनचा आठवडा

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. "तिकडं तुमचा आठवडा कसा जातो, ते मंडळीला सांगा." मी दहा मिनिटं बोलले. घरी येऊन जेवायला बसले तेव्हा लक्षात आलं, सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आता लिहायला बसलेय.

मी नर्स आहे. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन, तिथल्या बंदरात 'ग्लोबल मर्सी' नावाचं जहाज उभं असतं. ते आख्खं जहाजच इस्पितळ आहे. १७४ मीटर लांब, सहा ऑपरेशन थिएटर आणि खालच्या दोन मजल्यांवर वॉर्ड. मर्सी शिप्स ही ख्रिस्ती सेवासंस्था १९७८ पासून हे काम करतेय. रुग्णाकडून एक पैसाही घेत नाहीत. पावसाळ्यात जहाज डागडुजीसाठी कॅनरी बेटांकडे जातं, तेवढे दिवस मी सोलापुरात आईजवळ आहे.

आम्हाला पगार नसतो. उलट राहण्या-जेवणाचा महिन्याचा खर्च ज्याचा त्यानं भरायचा. सर्जन असो, स्वयंपाकी असो, नाहीतर इंजिनरूममधला माणूस. माझे चार वर्षांच्या नोकरीतले साठवलेले पैसे पाच महिने पुरले. पुढचे पैसे आमच्या मंडळीनं उभे केले. त्यात महिला मंडळातल्या विडी वळणाऱ्या बायका आहेत. मांडीवर सूप घेऊन दिवसभर तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, तेव्हा कुठे हजार विड्यांची मजुरी हातात पडते. त्यातून बाजूला काढलेले पैसे आफ्रिकेतल्या बंदरात माझं जेवण होतात. ताटावर बसले की मला हे रोज आठवतं.

माझी आजी इथल्या वोरोनोको या मिशनच्या शाळेत शिकली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईला उतरले आणि पुढे त्यांचं काम सोलापूरपर्यंत पोचलं. आजी म्हणायची, "कुठल्या तरी बाईनं समुद्रापलीकडून पैसे पाठवले म्हणून मला अक्षर आलं." तिला त्या बाईचं नाव कधी कळलं नाही.

आता आठवडा. आमच्या पाळ्या असतात, दिवसाची, दुपारची, रात्रीची, आणि त्या सारख्या बदलतात. त्यामुळे सोमवार-मंगळवार असा हिशोब राहत नाही. पाळी सुरू होताना आधीची नर्स एकेका पलंगापाशी उभी राहून रुग्णाची माहिती देते, मग सगळे मिळून थोडी प्रार्थना करतो आणि कामाला लागतो. सुट्टीच्या दिवशी कपडे धुवायचे, झोप काढायची. जमलंच तर पोडा-पोडात, म्हणजे तिथल्या खचाखच भरलेल्या मिनीबसमध्ये बसून गावात जायचं. केबिनमध्ये आम्ही चौघी, चार देशांच्या. माझ्या पलंगावर सोलापुरी चादर आहे, मोराची. जहाजाच्या शिडीपाशी नेपाळी गुरखे पहाऱ्याला असतात. बाहेरून परत आले की ते हिंदीत विचारतात, "दीदी, खाना हुआ?" तेवढ्यानं दिवसाचा शीण जातो. फ्रीटाऊनमध्ये दुपारचे साडेतीन म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ. आईला मी त्याच वेळी फोन करते, तिची भांडी आवरलेली असतात.

भाषेची मात्र मला फार भीती वाटली नाही. सिव्हिलमध्ये शिकताना एका खाटेवर तेलुगू, दुसरीवर कन्नड, तिसरीवर दखनी, हे रोजचंच होतं. सोलापुरात वाढलेल्या मुलीला दुभाष्या नवा नसतो. तिथं मेंडे, टेम्ने, लिंबा आणि सगळ्यांना जोडणारी क्रिओ. सकाळी मी विचारते, "हाऊ दी बॉडी?" उत्तर येतं, "दी बॉडी फाईन." खूप दुखत असलं तरी आधी हेच उत्तर येतं. म्हणून मी दुभाष्याला घेऊन दुसऱ्यांदा विचारायला शिकले. खरं काय ते दुसऱ्यांदा विचारल्यावर कळतं.

जेवण भाताचं, आणि वर कसाव्याच्या, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात त्या कंदाच्या, पाल्याची भाजी. शेंगदाण्याचा रस्साही असतो. पहिल्यांदा चाखला तेव्हा मला घरच्या शेंगाचटणीची इतकी आठवण आली की मी पानावरून उठून डेकवर जाऊन उभी राहिले.

आता जे राहिलं ते.

वॉर्डमध्ये एक बाई आली होती. वय पस्तिशीच्या आसपास. जबड्यात गाठ. या प्रकारच्या गाठी कॅन्सरच्या नसतात, पण वाढत राहतात. दात ढकलतात, तोंड मिटू देत नाहीत, शेवटी घास आणि श्वास दोन्ही अडवतात. सुरुवातीला शेंगदाण्याएवढी असताना काढली तर केवढंसं काम. पण त्या देशात १९९१ ते २००२ युद्ध चाललं, २०१४ मध्ये इबोलाची साथ आली, सर्जन बोटावर मोजण्याइतके आणि गाव राजधानीपासून लांब. गाठ तिच्या चेहऱ्याच्या निम्म्याएवढी झाली होती. मला याचा राग येतो. अजूनही येतो. प्रार्थना केली म्हणून तो जात नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

ती चेहऱ्यावर कापड धरून बसायची. तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात तो लापा, निळ्या ठशांचा. डाव्या हाताच्या दोन बोटांत त्याची कड इतकी घट्ट धरलेली की नखं पांढरी पडायची. पाणी पिताना कड जराशी उचलायची, लगेच खाली.

ऑपरेशन झालं. जबड्याचा भाग काढून तिथं टायटॅनियमची पट्टी बसवली. नंतरचं काम आमचं, नर्सेसचं. नाकातल्या नळीतून ठरल्या वेळी दूध, तोंड धुणं, टाक्यांची स्वच्छता, लाळ टिपणं. रात्री दोनला, चारला, सहाला. सांगण्यासारखं यात काही नाही, आणि माझा बहुतेक आठवडा याच कामात जातो.

गाठ गेली तरी कापड गेलं नाही. आरसा दाखवला, तिनं पाहिलं, मान हलवली आणि कड पुन्हा वर ओढली. ती मुसलमान होती. तिथं बहुसंख्य लोक मुसलमानच आहेत, आणि ऑपरेशनसाठी कुणाचा धर्म पाहत नाहीत. पहाटे ती पलंगावरच नमाज पढायची. मी माझी प्रार्थना मनात करायचे, तिच्या औषधांचा ट्रे हातात धरून. रविवारी वॉर्डात ढोल घेऊन गाणी व्हायची. ती भिंतीकडे तोंड करून पडायची, पण पाय ठेक्यावर हलत.

अकराव्या दिवशी दुपारची पाळी होती. पलीकडच्या पलंगावर पाय वाकडे असलेल्या मुलाचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. त्याच्या आईला मोठ्याजवळ बसायचं होतं आणि तान्हं रडत होतं. मी वॉर्डात शिरले तर ते तान्हं हिच्या पाठीवर, निळ्या ठशांच्या कापडात करकचून बांधलेलं. ती खाटांच्या मधून येरझाऱ्या घालत होती. चेहरा उघडा, नळी गालाला चिकटवलेली, टाके सगळ्यांना दिसत होते. मी काही बोलले नाही. तक्ता उचलला आणि तिची नोंद लिहिली.

हे मी रविवारी सांगितलं नाही. मग मंगळवारी महिला मंडळाच्या एका मावशींकडे गेले, अशोक चौकाच्या बाजूला. त्या सत्तरीच्या आहेत, अजून विड्या वळतात. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांचे हात चालूच होते. पान, तंबाखू, दोरा. पंचवीसचा कट्टा बांधून बाजूला ठेवला आणि मग विचारलं,

"आता जेवती का गं ती?"

"मी निघाले तेव्हा पातळ पेज सुरू केली होती, मावशी. नळी काढली. भाताला अजून काही आठवडे आहेत."

"पेजेत चमचाभर तूप घाला म्हनावं," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उचललं.