मिशीवालं केळं आणि एक मिलिमीटरची रेघ

चोपड्याच्या एका केळी वेफर्सवाल्याचं काम होतं. चित्र एकच, फेटा बांधलेलं मिशीवालं केळं, पण लागणार तीन ठिकाणी: दुकानावर दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स, पाकिटावर स्टिकर आणि पिकअपच्या मागच्या काचेवर रेडियम, म्हणजे कापून चिकटवायचा रंगीत स्टिकर. कोरल या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केळं २०० मिलिमीटर उंच काढलं. बाहेरची रेघ १ मिलिमीटर, आतल्या अर्ध्याच्या. स्क्रीनवर भरदार दिसत होतं.

फ्लेक्स लागला त्या सकाळी फोटो आला, सोबत एकच वाक्य: "भाऊ, रेघच दिखत नही."

आणि खरंच नव्हती. फ्लेक्सवाल्याने केळं १६०० मिलिमीटरपर्यंत ओढलं होतं, म्हणजे आठपट. रेघ ८ मिलिमीटर व्हायला हवी होती, ती १ वरच राहिली. रस्त्यापलीकडून एक मिलिमीटर कोणाला दिसणार? पिवळं केळं मागच्या क्रीम रंगात विरघळून गेलं. स्टिकरवर नेमकं उलटं झालं. तिथे केळं २५ मिलिमीटरचं, म्हणजे आठव्या हिश्शाचं, पण रेघ तीच १ ची. डोळा २ मिलिमीटरचा. रेघ मार्गाच्या, म्हणजे आकाराच्या मूळ कडेच्या मधोमध बसते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर आत आली आणि पांढरं उरलं जेमतेम १. बुबुळ पाऊण मिलिमीटरचं, त्याची स्वतःची रेघ धरून पावणेदोन. डोळ्याच्या जागी काळा ठिपका.

कारण एका टिकचं. एफ १२ दाबल्यावर आउटलाइन पेनची खिडकी उघडते, त्यात 'स्केल विथ ऑब्जेक्ट' असतं, ते चालू असलं की चित्रासोबत रेघही जाड-बारीक होते. ते मी चालू केलं नव्हतं, ही चूक माझी. कोरलमध्ये ही टिक प्रत्येक आकाराची वेगळी असते, त्यामुळे नंतर जोडलेली एखादी भुवई तशीच राहून जाते आणि मोठं केल्यावर तीच तेवढी बारीक दिसते. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स' आहे, इंकस्केपमध्ये सिलेक्ट टूलच्या वरच्या पट्टीवर बटण. पण फाइल ओढून मोठी केल्यावर छापण्याआधी एकदा पूर्ण बघायची, एवढं फ्लेक्सच्या दुकानात कोणी करत नाही, याचा मला राग आहे. आठपट वाढलेल्या चित्रात बारीक रेघ लपत नाही.

बाहेर पाठवायच्या फाइलमध्ये आता कंट्रोल-शिफ्ट-क्यू करतोच. रेघेचा भरीव आकार होतो, मग कोणी कितीही ओढो. मूळ फाइल मात्र वेगळी जपायची. आकार झालेल्या रेघेला दोन कडा असतात, दुरुस्तीत एक नोड, म्हणजे कडेवरचा बिंदू, हलवला की जाडी बिघडते.

टिक लावून स्टिकर पुन्हा केलं, तरी जमलं नाही. बाहेरची रेघ ०.१२५ मिलिमीटर, आतल्या ०.०६. छपाईच्या मापात पाव पॉइंट म्हणजे साधारण ०.०९ मिलिमीटर, त्याखालची रेघ छपाईत तुटते. म्हणजे प्रमाण बरोबर असूनही चित्र चुकीचं. शेवटी स्टिकरचं केळं नव्याने काढलं. फेट्याच्या सात घड्यांच्या तीन केल्या, सालीवरच्या रेघा काढून टाकल्या, बाहेरची रेघ ०.५, आतली ०.३. डोळे मोठे केले, बुबुळाला रेघच दिली नाही आणि डोळ्याला 'बिहाइंड फिल' लावलं, म्हणजे रेघेचा आतला अर्धा भाग रंगाखाली जातो, पांढरं पूर्ण उरतं. फ्लेक्सला ८ ऐवजी १२ केली.

रेडियमचं गणित तिसरंच. कटिंग प्लॉटरचं पातं मार्गावरून फिरतं, जाडी त्याला कळतच नाही. जाड रेघ पाठवली तर मधोमध एक चीर मिळते, बस. म्हणून रेघांचे आकार करून वेल्ड करायचे, म्हणजे जोडून एक करायचे, आणि वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दिसतील असं बघायचं. आकार एकमेकांवरून गेलेले दिसले तर पातं तिथेही कापणार. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टी ठेवली नाही, जादा रेडियम सोलताना ती सोबत उचलली जाते.

राहिली मिशी. ती कोरलच्या आर्टिस्टिक मीडिया या ब्रशसारख्या टूलने काढलेली, मध्ये जाड, टोकाला निमुळती. तिचं मोठं-लहान होणं वरच्या पट्टीतल्या वेगळ्या बटणावर चालतं, म्हणून कंट्रोल-के करून तिचा साधा आकार केला. फेट्याच्या टोकदार कोपऱ्यांवर रेघेला काटे फुटले होते, ते कोपरे गोल केल्यावर गेले. मिशीच्या टोकाला मात्र हा उपाय चालत नाही, टोक निमुळतंच हवं. स्टिकरवर मी ते ०.३ वर तोडलंय, आणि फ्लेक्सवरचं ताठ केळं पाकिटावर थकल्यासारखं दिसतं. पुढच्या लॉटला मिशीचा आकडा जास्त वळवून बघतोय, तुटकं टोक वळणाच्या आत जाईल असा.