वरचा कॉमा कुठं द्यायचा?

लातूरला एका दोस्तानं पोरांसाठी होस्टेल काढलं, क्लासेसमुळं गर्दी एवढी की बोर्ड लागायच्या आधीच खोल्या फुल. बोर्डावरचं इंग्रजी तू बघ म्हणला कारण मी बीए इंग्लिश, अन् मीच घाईत बॉय लिहून वर कॉमा, म्हणजे मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी, देऊन मग एस लिहून दिला. पेंटरनं तसंच रंगवलं. पंधरा दिवसांनी सातवीतली भाची बोर्डाखाली उभी राहून विचारायली, मामा, इथं एकच पोरगा राहतो का?

बरोबरच होतं तिचं. कॉमा एसच्या आधी आला की मालक एक, एसच्या नंतर गेला की मालक लई. आपल्याकडं हेच काम डोक्यावरचं टिंब करतंय बघा, लेकराची खोली अन् लेकरांची खोली. पण आपलं टिंब बोलताना कानाला कळतं, त्यांचं दोन्ही बॉईजच ऐकू येतं, म्हणून चूक थेट बोर्डावरच उघडी पडते.

नुसतं अनेकवचन तसं सोपंय, एस लावला की झालं, बस, बॉक्स, डिश असलं शेवटी सिसकारणारं असलं तर ईएस, लेडीचा वाय काढून आयईएस. लेडीज आपण इकडं एकीलाच म्हणतो, एसटीत 'एक लेडीज उतरायलीय, थांबा' असं, ते सोडा. तर भाची म्हणली बॉक्सचं बॉक्सेस मग ऑक्सचं ऑक्सन कसं? जुन्या इंग्रजीत बऱ्याच शब्दांना एन लागून अनेकवचन व्हायचं, बाकीचे हळूहळू एसकडं गेले, बैल तेवढा मागं राहिला. अन् आपला बैल बघा, एक बैल, दोन बैल, पोळ्याला अख्खी वेस भरली तरी बैलच, त्यांच्या शीपसारखा.

चिल्ड्रनमध्ये तर माझा वरचा नियमच फसला. तो शब्द आधीच अनेकवचनी होता, त्याला परत एन चिकटला, अन् शेवटी एस नाही म्हणून लेकरं पन्नास असली तरी आधी कॉमा मग एस. इट्सचं अजून उलटं, मालकी सांगायची तर कॉमाच नाही, कॉमा दिला की ते इट इज होतं. इथं मी अजून पण अडखळतो, खोटं कशाला बोलू.

दोस्तानं पेंटरला परत बोलावलं. त्यानं एसच्या पुढं नवा कॉमा झकास काढला, जुना पुसायचं पैशात धरलं नव्हतं म्हणला. आता दोन्हीकडं आहे.