गोव्यातल्या सत्तरीतून स्पितीकडे: ग्रॅव्हल सायकलची तयारी कुठवर आली

ग्रॅव्हल सायकलने, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीच्या जाड टायरच्या सायकलने, हिमाचलातल्या स्पितीला जायचा मार्ग आता ठरला आहे. सिमल्याहून सतलजच्या खोऱ्याने किन्नौर, खाबला स्पिती नदीचा संगम, तिथून राष्ट्रीय महामार्ग ५०५ धरून नाको, ताबो, काझा, लोसर, मग ४,५५१ मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडून बातल, छत्रू, ग्राम्फू. जायचं सप्टेंबरात. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळून नाल्यांना दुपारनंतर पाणी चढतं आणि खालच्या किन्नौरमध्ये पावसाने दरडी कोसळतात. सप्टेंबरात दोन्ही कमी होतं. पण त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांचा सराव गोव्याच्या ऐन पावसात पडतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात राहून पर्जन्यछायेतल्या थंड वाळवंटाची सायकल बांधायची, हा या तयारीतला खरा पेच. म्हणून प्रत्येक भागाची परीक्षा एकाच प्रश्नाने घेतली: याची खात्री इथे पटते, निघायच्या आठवड्यात तो बदलावा लागतो, की तिथे पोचल्यावरच कळणार?

गिअर: काम पूर्ण

याची खात्री इथेच पटते. मूळ जोडणी पुढे ४० दात, मागे ११-४२ अशी होती. सर्वात हलक्या गिअरमध्ये गुणोत्तर (पुढचे दात भागिले मागचे) ०.९५. ७०० × ४५ टायरवर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर वेग निघतो. स्वार, सायकल, सामान, पाणी मिळून ९५ किलो धरा, चढ ७ टक्के आणि कच्च्या रस्त्याचा विरोध आणखी २ टक्के. या वेगाला साधारण १७५ वॉट लागतात. समुद्रसपाटीवर तासभर २०० वॉट टिकवणाऱ्याची ताकद साडेचार हजार मीटरवर सुमारे पावपटीने घटते, म्हणजे १५० उरतात. हिशेब तिथेच फसतो. पाय कमी वेगाने मारले की गुडघ्यावर जोर येतो, जोराने मारले की दम सुटतो.

म्हणून शिमानोच्या जीआरएक्स १२ स्पीडचं लांब पिंजऱ्याचं डिरेलर, म्हणजे साखळी सरकवणारा भाग (आरएक्स ८२२ एसजीएस), आणि १०-५१ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवली. पुढे ४० तशीच. गुणोत्तर ०.७८, त्याच ६० फेऱ्यांना ताशी सव्वासहा किलोमीटर, ताकद १४५ वॉटच्या आसपास. हे जमतं. या कॅसेटला मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब (मागच्या चाकाचा, कॅसेट जिथे बसते तो भाग) लागतो हे खरेदीआधीच तपासा, नाहीतर मागचं चाकही बदलण्याचा खर्च येतो. ११ स्पीडवरच राहायचं असेल तर क्रँकचं बोल्ट सर्कल (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) मोजून ३६ दातांची चेनरिंग (पुढची दातेरी चकती) बसते का पाहा. ३६/४२ ला ताशी पावणेसात मिळतात. त्याहून जड गिअर घेऊन कुंझुमला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चढाईचा सराव: चालू

केरीला अंजुणे धरणापासून चोर्ल्यापर्यंत सुमारे सातशे मीटरची सलग चढाई मिळते. मोलेहून अनमोडचा घाट त्याहून लहान, आणि तिथे ट्रकांची वर्दळ जास्त. पूर्ण सामान लादून, बसूनच, मिनिटाला ५० ते ६० फेऱ्यांवर चोर्ला चढायचा, हा मुख्य सराव. उभं राहून मारायची सवय मोडावी लागते, कारण सुट्या खडीवर उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार उडतो आणि चाक जागीच फिरतं.

पृष्ठभागाचं मात्र पावसात काही खरं नाही. जांभ्यावर शेवाळ धरतं. त्यावर तोल सांभाळायला शिकलं तरी स्पितीच्या सुट्या, धारदार शेलसाठी (पापुद्र्यांच्या खडकाच्या कपच्यांसाठी) त्याचा उपयोग थोडा. त्या रस्त्याच्या जवळ जाणारी जमीन गोव्यात फेब्रुवारी ते मे मिळते: सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, आणि चिरेखाणींकडे जाणारे लाल रस्ते, ज्यांवर जांभ्याचे वाटोळे खडे गोट्यांसारखे चाकाखालून निसटतात. पुढच्या ब्रेकला हात न लावता वळण कसं घ्यायचं, ते तिथेच शिकून घ्यावं. डिचोली-सांग्यातल्या खाणींचे रस्ते मोहात पाडतात, पण ती लीजची जागा आहे, परवानगीशिवाय शिरू नये. म्हादई अभयारण्यातल्या पायवाटांचंही तसंच. वनखात्याला विचारूनच जावं.

टायर आणि हवा: अर्धं काम बाकी

इथे सर्वात जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला असं वाटतं. टायर ७०० × ४५, ट्यूबलेस, बाजूच्या भिंतीला जादा कापड असलेला. हलक्या भिंतीचे टायर सत्तरीत वर्षभर टिकतात म्हणून स्पितीत टिकतील असं धरू नका. आपल्याकडचे काटे, म्हणजे बांबूचे कुसळ वगैरे, मधल्या पट्ट्यात घुसतात आणि टायरमध्ये भरलेलं सीलंट नावाचं द्रव ते भोक बुजवतं. शेलची चीर बाजूला जाते आणि तिथे सीलंटचं काही चालत नाही. स्पितीत नदीकाठी छरम्याची झुडपं आहेत, त्यांचे काटे वेगळेच. तेव्हा प्लगांबरोबरच (भोकात कोंबायच्या पट्ट्यांबरोबरच) जाड सुई, जुन्या टायरचा पाच बाय तीन सेंटिमीटरचा तुकडा आणि विणलेला मासेमारीचा दोरा सोबत ठेवावा. हा दोरा म्हापशाच्या बाजारात मिळतो. साधा एकपदरी नायलॉन नको, त्याची गाठ सरकते. चीर आधी शिवायची, मग आतून तुकडा लावायचा आणि ट्यूब घालायची.

दाबाचं गणित उंचीवर फिरतं आणि ते समजून घेणं फायद्याचं आहे. पंपाचा काटा टायरमधला दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतो. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १४.७ पीएसआय, कुंझुमवर ८.४ च्या आसपास. म्हणजे पणजीत ३५ वर भरलेला टायर तापमान तेवढंच राहिलं तर वर ४१ दाखवेल. थंडीने त्यातले काही उतरतात: ३० अंशांवरून ५ अंशांवर गेलं की ४१ चे ३७ होतात. रोजच्या कामाचा फरक दिवस-रात्रीचा आहे. काझ्यात पहाटे २ अंशांना ३२ भरले आणि दुपारी उन्हात टायर ३० अंशांपर्यंत तापला, तर काटा ३६ वर जातो. चार पीएसआयचा फरक खडीवर लगेच जाणवतो. चाक उसळू लागतं, पकड जाते. म्हणून पहाटे हव्या त्यापेक्षा दोन कमी भरायचे. सामानासकट मागे ३२, पुढे २८ हा आमचा आरंभबिंदू, तोही ७० किलोच्या आतबाहेरच्या स्वारासाठी.

हातपंपाचीही तीच गोष्ट. प्रत्येक दट्ट्यात विरळ हवा येते, त्यामुळे इथे १५० दट्ट्यांत भरणारा टायर कुंझुमवर २६० च्या आसपास घेतो. रिमवरून सुटलेली कड हातपंपाने परत बसवणं तिथे जवळजवळ अशक्य. म्हणून दोन टीपीयू (हलक्या प्लास्टिकच्या) ट्यूब आणि सीओटू काडतुसं (दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळ्या) बरोबर असावीत, पण काडतूस ट्यूबसाठीच राखा. थंडगार वायू थेट लॅटेक्स सीलंटवर गेला की त्याचे गोळे होतात. रेल्वेऐवजी विमानाने जाणार असाल तर काडतुसांबाबत विमान कंपनीचा नियम आधी वाचा.

सीलंट आत्ता भरून ठेवलं तर सप्टेंबरात निम्मं सुकलेलं निघेल. निघण्याच्या आठवड्यात जुनं पुसून प्रत्येक टायरमध्ये ८० मिलिलिटर नवं, शिवाय ६० ची एक बाटली सोबत. कोरड्या हवेत ते इथल्यापेक्षा लवकर आटतं.

ब्रेक आणि साखळी

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असेल तर पावसाळ्यानंतर ब्लीड न करता, म्हणजे जुनं तेल काढून नवं न भरता, हिमालयात जाऊ नका. मिनरल ऑइल पाणी शोषून घेत नाही. आत शिरलेला थेंब सर्वात खाली, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरमध्ये जाऊन बसतो, जिथे उष्णता सर्वात जास्त असते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, साडेचार हजार मीटरवर ८५ च्या आसपास. वाफ झाली की लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. कुंझुमहून बातलपर्यंत वळणावळणाची सुमारे सहाशे मीटरची उतरण आहे, तिथे हे घडून चालणार नाही. ब्लीड ऑगस्टच्या अखेरीस करायचं ठेवलं आहे. पॅड सिंटर्ड धातूचे. लाल चिखलात रेझिन पॅड भराभर झिजतात आणि लांब उतारावर तापून गुळगुळीत होतात. पॅडची एक जादा जोडी सोबत.

साखळीला सध्या पावसाळी तेल आहे, आणि तेच तेल तिथे घातक. स्पितीची बारीक धूळ त्यावर बसून घासणीची पेस्ट होते. शेवटच्या आठवड्यात साखळी रॉकेलने, मग स्पिरिटने पूर्ण धुऊन वितळलेल्या मेणात बुडवायची. मेण ८५-९० अंशांवर ठेवून साखळी त्यात दहा मिनिटं हलवायची, म्हणजे ते पिनांपर्यंत पोचतं. साखळी ओली असेल तर मेण धरत नाही. नाले ओलांडताना हे मेण धुपतं, म्हणून ३० मिलिलिटर द्रव मेण बरोबर. ते रात्री लावावं आणि सकाळपर्यंत सुकू द्यावं. बाटली झोपायच्या पिशवीत ठेवावी, गारठली तर घट्ट होऊन थेंब पडत नाही. मेणाची साखळी गोव्याच्या पावसात लवकर गंजते, म्हणून सरावाला जुनी आणि प्रवासाला नवी, असा वेगळा हिशेब केला आहे. झीज ०.५ टक्क्यावर पोचलेली साखळी तर नेऊच नये.

एक बारीक गोष्ट किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी. खाऱ्या हवेने अॅल्युमिनियमच्या फ्रेममधल्या स्टीलच्या बोल्टांना गंज धरतो आणि ते आतच जखडतात. पुढच्या फोर्कवरच्या सामानाच्या पिंजऱ्यांचे एम५ बोल्ट काढून, साफ करून, निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावून ५ न्यूटन मीटरवर बसवले आहेत. लहरी पडलेल्या रस्त्यावर हेच बोल्ट सर्वात आधी सैल होतात. रोज संध्याकाळी हात लावून बघावेत.

उंची: कागदावरच

गोव्यात याचा सराव होत नाही आणि घाट कितीही चढले तरी होणार नाही. म्हणूनच मनालीकडून न जाता सिमल्याकडून जायचं ठरवलं. मनाली दोन हजार मीटरवर. तिथून दुसऱ्या मुक्कामाला बातल म्हणजे जवळजवळ चार हजार. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम तिथे दुसऱ्याच रात्री मोडतो. आमचा क्रम: कल्पा (सुमारे २,९००) दोन रात्री, नाको (सुमारे ३,६००) दोन रात्री, मग खाली ताबो (सुमारे ३,३००), काझा (३,६५०). काझ्यातून रिकाम्या सायकलने किब्बर (४,२७०) आणि चिचमचा पूल करून झोपायला परत काझ्यात. चार हजारांवरची पहिली रात्र लोसरला, दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून छत्रूपर्यंत उतरण. कल्प्याहून नाकोचं अंतर मोठं आहे, म्हणून मधे स्पिलोला एक मुक्काम धरला आहे; उंचीची उडीही मोठी आहे, म्हणून नाकोला दोन रात्री आहेत.

डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर त्याच तासाला खाली, रात्र असली तरी. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्की.

खाणं तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं या हिशेबाने. खजूर आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू, कारण उंचीवर गोड जेल घशाखाली उतरत नाही. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे खारं कोकम आगळ आणि तीन चमचे साखर, हे मिश्रण चोर्ल्यावर उत्तम चाललं आहे. लोसर ते बातल दरम्यान दुकान नाही, तीन लिटर पाणी वाहण्याची सोय हवी. रोकड काझ्याच्या आधीच काढून ठेवावी.

आता उरलंय ते असं: ब्लीड, सीलंट, मेण, आणि मडगाव-चंदीगड गोवा संपर्क क्रांतीत सायकल नेण्याचं पॅकिंग. खोक्यात घालताना मागचं डिरेलर हँगरसकट (त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या तुकड्यासकट) काढून साखळीच्या आत बांधायचं, डिस्कच्या जागी पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, म्हणजे लिव्हर चुकून दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येत नाहीत. जादा हँगर आपल्याच फ्रेमचा आहे ना, ते खोकं बंद करायच्या आधी बसवून पाहायचं.