नोकरी गेल्याचा कागद

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी ११ वर्षं होतो. एका शनिवारी पगार हातात देऊन सांगितलं, "ऑर्डरी नाहीत, सोमवारपासून येऊ नका." तोंडी. घरी गाडीचा ३,८०० चा हप्ता आणि लेकीची पोटगी ६,०००.

पोटगी कमी करायचा अर्ज वकीलसाहेबांनी दोन दिवसांत तयार केला. उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र लागतं, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच ते सक्तीचं केलंय. तेही झालं. मग साहेबांनी विचारलं, "नोकरी गेल्याचा कागद?"

कारखान्यात गेलो. अकाउंटवाला म्हणे, शेठ बाहेरगावी आहेत. आठ दिवसांनी परत. "राजीनामा लिहून द्या, मग दाखला देतो." राजीनामा? म्हणजे कोर्टात समोरचा वकील म्हणणार, यांनी स्वतःहून सोडली! तिसऱ्यांदा तर गेटवरच अडवलं. त्या वॉचमनला मी वर्षानुवर्षं चहा पाजलाय. वर पीएफच्या पोर्टलवर मी अजून नोकरीतच. सोडल्याची तारीखच भरलेली नाही, त्यामुळे पीएफही निघेना.

सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सवाल्या पोरानं सोडवलं. शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिने उलटले की ती तारीख आपल्याला भरता येते, आधारच्या ओटीपीवर. मालकाची सही नको. ती भरून सर्व्हिस हिस्टरीची, म्हणजे पोर्टलवरच्या नोकरीच्या नोंदीची, प्रिंट काढली आणि वकीलसाहेबांच्या टेबलावर आपटली म्हणा ना.

हे आधीच सांगायला हवं होतं: कागदासाठी अर्ज अडवून ठेवू नका. हुकूम बदलेपर्यंत जुनीच रक्कम चढत राहते, आणि थकबाकीवर वॉरंट निघतं. एका महिन्याच्या थकबाकीला महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. मी दर महिन्याला जमेल तेवढे, कधी २,००० सुद्धा, लेकीच्या खात्यावर टाकले, शेऱ्यात "पोटगी" लिहून. रोख कधीच नाही.

गाडीचा हप्ता दाखवून पोटगी कमी होईल असं मला वाटलं होतं. वकीलसाहेब हसले, "गाडी तुम्ही हौसेनं घेतली, लेकीनं नाही सांगितली." बँकेत मात्र हप्ता बाऊन्स व्हायच्या आधी जा; मी नंतर गेलो, कर्जावरही दंड बसला, खात्यावरही.

कोर्टाच्या पाचव्या तारखेला पोटगी ४,००० झाली. मागची थकबाकी पीएफमधून भरली. कारखान्याचा दाखला अजून आलेला नाही.